चंद्राबाईची ढगळ विजार

हसायचं तेवढं आधीच हसून घ्या, मित्रांनो. मी एक जुनी लोकरी विजार आहे, आणि तीही आतून घालायची. माझ्यावर कुणी कविता करत नाही. पाहुणे आले की मला दोरीवरून आधी काढतात. आता मी साताऱ्याजवळच्या एका गावात, पत्र्याच्या ट्रंकेत, कडुलिंबाच्या पाल्यात पडून असते. कसर लागू नये म्हणून तो पाला. माझी गोष्ट सांगते, पण एक कबुली आधी देते. या गोष्टीत चूक माझीही आहे.

लढाईच्या दिवसांत उत्तरेकडच्या एका गिरणीत मला विणलं. बर्फातल्या शिपायांसाठी आमचे गठ्ठेच्या गठ्ठे निघायचे. माझ्या गठ्ठ्यात सगळ्यांत थोराड मी. ज्या शिपायाच्या मापानं मला बेतलं होतं तो सहा फुटांच्या वर आणि पोटानं चांगला भरलेला असावा. तो काही मला भेटला नाही. मी गोदामात असतानाच लढाई संपली. तेव्हा शौर्याच्या गोष्टी माझ्याकडे मागू नका. मला फक्त एवढंच वाटायचं की मोठं ते चांगलं, आणि मी तर सगळ्यांत मोठी.

पुढे सरकारनं उरलेला माल विकायला काढला. लोक त्याला डिस्पोजलचा माल म्हणत. बुटांच्या, मच्छरदाण्यांच्या आणि ब्लँकेटांच्या ढिगातून मी साताऱ्याला पीरमहंमदच्या दुकानात आले. दुकानामागेच त्याचं घर होतं. त्याची बायको शाहजादी शिवणकाम करायची.

सत्तेचाळीस सालच्या फाल्गुनात तिथं चंद्राबाई आली. साठीची, काटक, बोलायला फटकळ. बरोबर तिचा मुलगा नाथाजी होता. तो इटलीच्या लढाईतून परत आलेला. तिथल्या डोंगरातल्या बर्फानं त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं नेली होती. लढाई चालू असताना आठ महिने त्याचं पत्र आलं नव्हतं. तेव्हा चंद्राबाईनं केदारनाथाला नवस केला होता: लेक जिता घरी आला तर तुझ्या दारात माझ्या पायांनी चालत येईन, कुणाच्या पाठीवर बसणार नाही. लेक आला होता. आता नवस फेडायचा होता.

नाथाजीला ते मुळीच पसंत नव्हतं. पण आईपुढे त्याचं चालेना. शेवटी तो म्हणाला, "आये, जायचंच आसंल तर मी सांगतो ती विजार घालून जायचं. न्हाईतर म्या यष्टीशनावरच आडवा पडतो बग."

"बाईमाणसानं विजार घालायची? लोकं त्वांडात श्यान घालतील माझ्या."

"लुगड्याच्या आत कोण बगाय येतंय?"

पीरमहंमदनं आमचा ढीग पुढे केला. नाथाजी कपडा निवडत होता, पण बोलत होता मास्तरासारखा. "ढगळ नगं, वारा शिरतोय. तंग नगं, रगत थांबतंय. कातडीला लागून बसाय पायजे. चिमटीत बोटभर कापड यावं, मूठभर न्हवं. आन् मधी सुती काय बी घालू नगंस. सूत घाम धरून ठिवतं, मग त्योच घाम गारठतो."

त्यानं माझी एक धाकटी बहीण निवडली. शाहजादी चंद्राबाईला पडद्यामागे घेऊन गेली. बाहेरून नाथाजी ओरडत होता, "उकिडवी बसून बग म्हनावं! आता माळ्याची शिडी चढ! गुडघ्यात ताणतंय का?"

"न्हाई ताणत," शाहजादी आतून म्हणाली. "लई झ्याक बसलीया, भाऊ. जशी काय मावशीसाठीच विणल्याली."

नाथाजी खूश झाला आणि गाडीची चौकशी करायला गेला. त्याची पाठ वळली न वळली तोच चंद्राबाईनं ती बहीण परत ढिगावर टाकली आणि माझं एक टोक धरून मला ओढून काढलं.

"आवं, किंमत एकच हाय न्हवं? मग ही मोटी द्या की."

"मावशी, पोरगा सांगून गेलाय," पीरमहंमद म्हणाला.

"त्येला काय कळतंय? एवढ्याच पैशात एवढं कापड सोडू व्हय? आन् ती अंगाला चिकटतीया, मला लाज वाटती. कापड कसं वाढत्या अंगाचं आसावं."

शाहजादी खो खो हसली. "साठीत अंग वाढतंय व्हय, मावशी?"

पण चंद्राबाई हट्टाला पेटली. आमच्या भागात पोराचा सदरा असो की सुनेची चोळी, कापड वाढत्या अंगाचंच घेतात. पीरमहंमदनं मान हलवत मला कागदात बांधलं. आणि मी? मी फुगले होते. इतक्या जणींत मला निवडलं! धाकटीकडे मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

वैशाखात चंद्राबाई निघाली. सोबतीला तिची थोरली बहीण अंबूबाई, शिराळ्याला दिलेली. रेल्वेनं हरिद्वार, मग पुढे पायी. पहिले कितीतरी दिवस ऊन होतं, मी गाठोड्यातच होते. वाटेत यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या जागा असतात, त्यांना तिकडे चट्टी म्हणतात. चट्टीवर रात्री अंबूबाई गोधडीचे टाके घालत बसायची. तिला रिकामे हात सोसत नसत.

गौरीकुंडाहून शेवटची चढण लागली तशी चंद्राबाईनं मला बाहेर काढलं. मी टोचते म्हणून तिनं आधी पायांना जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या, मग मी, आणि वरून नऊवारीचा कासोटा. कासोटा घट्ट ओढल्यावर माझं जास्तीचं कापड मांड्यांमध्ये गोळा झालं. गुडघ्यांमागे चुण्या पडल्या. माझ्या तंगड्या पावलांवर लोंबायला लागल्या. मला वाटलं, चाललं की होईल सारखं.

सारखं काही झालं नाही. चढणीवर तिला घाम आला आणि आतल्या पट्ट्या ओल्याचिंब झाल्या. वारा सुटला तो खालून थेट माझ्यात शिरला. ऊब धरायला मला तिच्या कातडीला टेकायला हवं होतं, आणि मध्ये ती ओली पट्टी. मी लोकर आहे, मित्रांनो, गारठा अडवणं एवढंच माझं काम. तेही मला येईना. मांड्या सोलवटल्या. वाटेतल्या रामबाड्याच्या अलीकडे बर्फाच्या पट्ट्यावर माझी तंगडी तिच्या टाचेखाली आली आणि ती आडवी झाली. उतारावरून चार हात घसरली. खाली नदीचा आवाज येत होता. अंबूबाईनं तिचं मनगट धरलं नसतं तर ही गोष्ट सांगायला मी उरले नसते.

रामबाड्याच्या चट्टीवर चंद्राबाईचे दात कडकड वाजत होते. ओठ निळे पडले होते. चट्टीवाला म्हणाला, कंडीत बसा नाहीतर परत जा. कंडी म्हणजे हमाल पाठीवर घेतात ती टोपली. चंद्राबाई मोठ्यानं रडायला लागली.

"आक्का, कुणाच्या पाठीवर बसले तर नवस मोडतोय गं. मग माज्या नाथाजीचं काय हुईल?"

अंबूबाईनं शेकोटीशी आडोसा केला आणि लुगडं सोडवून मला बाहेर काढलं. दोन्ही हातांनी माझी कंबर ताणून तिनं पाहिली.

"चंद्रे, ही तुजी हाय का तुज्या हत्तीची?"

मग चंद्राबाईनं सगळं सांगितलं. नाथाजीनं निवडलेली वेगळी होती, आपण बदलली, कापड जास्त म्हणून. अंबूबाईनं तिला दोन सणसणीत शिव्या हासडल्या. त्या मी इथं सांगत नाही. मला मात्र त्या लागल्या. सगळ्यांत मोठी म्हणून मी फुगले होते, आणि माझ्याच मोठेपणानं ही बाई मरायला टेकली होती. मला फार लाज वाटली.

ओल्या पट्ट्या अंबूबाईनं फेकून दिल्या. बहिणीचे पाय पुसून कोरडे केले, ब्लँकेटात गुंडाळले. मला शेकोटीवर वाळवलं. मग गोधडीची सुई काढली. कात्री नव्हती, म्हणून कापड दुमडून घेतलं आणि दुमड बाहेरच्या अंगाला ठेवली, म्हणजे कातडीला घासणार नाही. दोन्ही कुशींतून मला चिमटलं, आसन, म्हणजे दोन तंगड्यांमधला भाग, वर घेतलं, तंगड्या घोट्यापाशी दुमडल्या. काळ्या दोऱ्याचे जाड टाके. एकेक टाका घालताना ती बहिणीला उठबस करायला लावायची आणि चिमटीत कापड धरून बघायची.

सकाळी चंद्राबाईनं मला थेट अंगावर चढवलं.

"टोचतंय गं आक्का."

"टोचू दे. चाल मुकाट."

कोसभर गेल्यावर टोचणं ती विसरली. घाम आला तो मी ओढून घेतला. वारा आला तो बाहेरच राहिला. तिचे गुडघे वाकत होते आणि मी त्यांच्याबरोबर वाकत होते. माझ्या जन्मात मी पहिल्यांदाच कामाला आले. ऊन चढायच्या आत ती केदाराच्या दारात पोचली, दोन्ही पायांवर. देवापुढे तिनं काही मागितलं नाही. "आले बग," एवढंच म्हणाली.

आता घरचं सांगते. परतल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं मला धुऊन दोरीवर टाकलं. नाथाजीनं मला पाहिलं, काढून पसरून धरलं आणि काळे टाके बोटांनी चाचपले.

"आये, म्या घेतल्याली ही न्हवं."

चंद्राबाईनं खरं सांगितलं. घसरल्याचंही सांगितलं. नाथाजी संतापून ओरडला.

"माज्यासाटी नवस क्येलास. आन् तू दरीत ग्येली आसतीस तर? तुज्याबिगर जिता ऱ्हाऊन म्या काय करायचं हुतं?"

चंद्राबाई गोंधळली. "तसं माज्या मनातच आलं न्हाई बग."

"का न्हाई आलं?"

नाथाजीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिची चोळी दंडात काचत होती, कारण ती लेकीची, बनूची, जुनी होती. लुगडं मेलेल्या सासूचं. पायातल्या वहाणा नाथाजीच्याच, पुढे चिंधी कोंबून घातलेल्या. लग्नानंतर या बाईच्या मापाचं एकही वस्त्र त्या घरात आलं नव्हतं, आणि हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. तिच्याही नाही.

त्याच आठवड्यात त्यानं आईला शाहजादीकडे नेलं. मलाही नेलं, नीट शिवून घ्यायला. म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शाहजादी फीत घेऊन उभी राहिली. दंड मोजला, छाती मोजली, खांद्यापासून कमरेपर्यंत मोजलं आणि आकडे पाटीवर खडूनं लिहिले. चंद्राबाई लाजून चूर झाली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं पाटीवर बोट ठेवलं.

"ह्ये काय लिवलंस?"

"तुमचं माप, मावशी."

"मला बी माप हाय व्हय गं?" ती म्हणाली, आणि तिथंच पदर तोंडाला लावून रडली.

मित्रांनो, मला पाल्यात ठेवा, कसरीपासून जपा, हे तर तुम्ही कराल. पण आज घरी गेल्यावर आईला तिच्या चपलेचं माप विचारा. तिला ते सांगता आलं नाही, तर दुकानात तिलाच बरोबर घेऊन जा, आणि तिनं कितीही हट्ट धरला तरी मोठा नंबर घेऊ देऊ नका.