फुटक्या टबातली पात

“वास येतोय का?”

“नाही.”

मागच्या अंगणात टबापाशी उकिडवे बसून यांनी कांद्याची पात चुरगळली, नाकाशी धरली, डोळे मिटले. चार महिने रोज सकाळी हेच. मी पात चिरायला आत वळले.

आमचे हे गॅस कंपनीत गळती शोधायला जायचे. यंत्र पिशवीतच राहायचं. दारात उभ्या उभ्या सांगायचे, “शेगडी ठीक आहे, नळी मागून चिरलीय.” ऑफिसात सगळे यांना ‘नाकवाले’ म्हणत. मग तो मेला ताप आला आणि वास गेला तो गेलाच. साहेबांनी फोनवर तक्रारी लिहून घ्यायला बसवलं. एकदा आमच्याच शेगडीचं बटण उघडं राहिलं. हे तिथेच उभे राहून निवांत काकडी खात होते. मीच धावत येऊन बंद केलं. तिसऱ्या दिवशी यांनी विचारलं, “घरात सगळ्यात उग्र काय गं?”

“कांदा,” मी म्हटलं. “माझ्यानंतर.”

हसले नाहीत. कोंब आलेले कांदे उचलून फुटक्या टबात खोचले.

दोन बोटं ठेवून पात कापायची, की दुसऱ्या सकाळी त्याच कापल्या जागेतून कोवळं हिरवं वर. जन्मभर कांदे चिरले, पण हे मी कधी पाहिलंच नव्हतं. “अगं, बघ तरी. रोज कापतोय, रोज येतेय,” हे म्हणायचे, आणि आवाज देवापुढे उभं असल्यासारखा बारीक व्हायचा. मलाही भरून यायचं.

याच माणसाने तीस वर्षं माझ्या हाताला कांद्याचा वास येतो म्हणून नाक मुरडलं. मी रोज लिंबाच्या फोडीने बोटं घासायचे. यांना ताप आल्यापासून सोडून दिलं. कोणासाठी घासायची?

पात चिरून झाली, तशीच चहा घेऊन बाहेर गेले. यांनी कप घेतला आणि थांबले. कप पायरीवर ठेवला. माझं मनगट धरलं.

“तुझ्या हाताला कांद्याचा वास येतोय.”

“धुऊन येते,” सवयीने मी बोलून गेले, आणि मग कळलं.

“पुसट आहे. थांब. जाऊ नकोस.”

मी तिथेच पायरीवर बसले. चहावर साय धरली. हे माझं एकेक बोट नाकाशी नेत होते, आणि मी हात सोडवून घेतला नाही.