जिमभाऊंचं पान

माझी नोकरी गेली, म्हणे. छे, कुठे काय! मी मॉरिन्सव्हिल गावातल्या भाड्याच्या फार्महाऊसमध्ये नेहमीसारखा ऑकलंडच्या ऑफिसचं काम करत बसलोय.

साल २००४. इंटरनेट फोनच्याच लाइनवर चालतं, आतल्या खोलीतला फोन कुणी उचलला की तुटतं. साहेबांनी बजावलं होतं, "आणखी एकदा तुटलं तर कायमचा घरी बस." आज सकाळी पुन्हा तुटलं.

"आई, फोन उचललास?"

"मी कशाला? जिमभाऊ असतील."

जिम म्हणजे घरमालकाचे वडील. शंभर गाई होत्या त्यांच्या. वारून तीन वर्षं झाली.

"त्यांच्या घरात राहतो आपण, म्हणून पितृपक्षात मी त्यांचंही पान वाढलं. कावळा इथे कुठला मिळायला! मॅग्पाय पक्ष्याने वडा नेला. तेव्हापासून येतात बिचारे."

मी आत जाऊन रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे एक म्हातारा गाईंना एकेका नावाने हाका मारत होता. लांबून एक हंबरली.

मी फोन कंपनीला लगेच अर्ज लिहिला: "सदर मयत इसमास स्वतंत्र दूरध्वनी जोडणी तातडीने मंजूर व्हावी, ही नम्र विनंती. गाई शंभर असल्याने अमर्याद कॉलची योजना द्यावी."