गरम भराव

लेक ठकूला कडेवर आणि भरिताची दोन वांगी, विळा हातात घेऊन मोनाली तरातरा निघाली, तेव्हा ताईबाईंनी सुनेला दारातच अडवलं.

"कोठे चालनी?"

"अंगणवाडीत. वांगी पुरायला."

"याड लागनं का तुले?"

"मला नाही लागलं, आई. गावाला लागलंय."

अंगणवाडीच्या पटांगणात पावसाचं पाणी साचायचं. म्हणून सरपंच रतिलाल आबांनी दोंडाईचा रस्त्यावरच्या एका तेलमिलमधून फुकट भराव आणवला. काळपट, तेलकट, खवट वासाची माती. ट्रॅक्टर मिलचा आणि चालवणारा मोनालीचाच नवरा, भूषण. पाच-सहा ट्रॉल्या झाल्यावर पटांगण ओट्याच्या बरोबरीला आलं. आबांनी त्यावर उभं राहून फोटो काढून घेतला.

मिलमध्ये येते तेव्हा ही माती पिठासारखी पांढरट असते. कच्छकडच्या खाणीतून काढलेली, आम्लात शिजवून, वाळवून, दळलेली. तिच्या कणाकणाला इतकी बारीक भोकं, की गरम तेलात टाकली की ती तेलाचा रंग, वास, सगळा मळ ओढून घेते. पिवळंधमक तेल डब्यात जातं, माती फेकायला उरते. पण मळाबरोबर ती तेलही पिऊन बसलेली असते. तिचा ढीग लागला, आत हवा शिरली, की ते तेल स्वतःच तापत जातं. त्याला काडी लावावी लागत नाही. बीएस्सीला बाईंनी तेलकट चिंध्यांचं उदाहरण देऊन हे शिकवलं होतं आणि मोनालीने ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता त्याच्यावर तिची पोर बसत होती.

थंडी पडली तसं पटांगण कोमट लागू लागलं. गावाला आनंद झाला. एका कोपऱ्यात कुणी हळद-कुंकू वाहिलं, उदबत्ती खोचली. सेविका कोकिळाताई पोरांना खिचडी खायला तिथेच बसवू लागल्या. मग एके दिवशी अडीच वर्षांची ठकू घरी आली ती मांडीवर टरारलेला फोड घेऊन.

"मुंगी चावली असेल," कोकिळाताई म्हणाल्या.

"जाऊ दे ना," भूषण म्हणाला. "मालकाच्या कानावर गेलं तर माझीच पंचाईत."

आबा तर हसलेच. "वहिनी, शहरातले लोक हीटर विकत घेतात. आपल्या पोरांना फुकट शे!"

त्या हसण्याने मोनालीच्या डोक्यात तिडीक गेली ती उतरलीच नाही.

आज आबा अंगणवाडीत वजनकाटा द्यायला येणार होते. त्यांच्या आधीच तिने उदबत्तीजवळची माती विळ्याने उकरली. आतून वाफ आली, डोळे चुरचुरले. वांगी हातभर खोल पुरून ती ओट्यावर बसली, ठकूला मांडीवर घट्ट धरून. पोरं आली, आया आल्या, आबा आले, सत्कार झाला, नारळ फुटला. मोनाली हलली नाही. आबा गाडीकडे निघाले तेव्हा ती उठली.

"आबा, थांबा. तुमच्यासाठी काहीतरी शिजत ठेवलंय."

तिने माती ओढली. धूर निघाला. वांग्यांची सालं काळी पडून सुटली होती आणि गर लदलदीत झाला होता. विळ्याने उचलताच एक फुटलं.

मागून एक जण म्हणाला, "काड्या वाचन्यात!" एकीने मिरची-लसूण आणू का विचारलं. आबांनी पोट धरलं. "वहिनी, भाकरी कोठे शे?"

"हसा!" मोनाली ओरडली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "बठ्ठे, सगळेच हसा! वांग्याला तरी जाड साल असते. तुमच्या पोरांच्या ढुंगणाला कुठे आहे?" तिने ठकूचा फ्रॉक वर करून फोड दाखवला. "ही मुंगी चावलीय? कोकिळाताई, घाला हात त्या खड्ड्यात. दाखवा मला मुंगी!"

कोकिळाताईंनी हात पदराखाली घेतला.

एका आईने आपलं पोर कडेवर उचललं. मग दुसरीने. बघता बघता पटांगण मोकळं झालं.

"बरं, बरं," आबा म्हणाले, आता जरा सावरून. "वरून मुरूम टाकू एक थर. दिसणारबी नही."

"दिसणार नाही म्हणूनच मुरूम ना? आत धुमसतंच राहील. एखादा पाय खचला की मग काय करायचं, मुरूमच टाकायचा त्याच्यावर?"

ताईबाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कुणाला कळलं नव्हतं. त्या पुढे झाल्या. "रतिलाल, मन्ही नात शे ती. माटी उचल."

आबांनी फोन लावला. दुपारी मिलचा ट्रॅक्टर आला. माणसांनी पाणी मारत फावड्यांनी भराव उकरला, गावभर खवट धूर पसरला. पहिली ट्रॉली भरली. भूषण बायकोकडे न बघताच सीटवर चढला.

"कुठे टाकणार?" मोनालीने विचारलं.

"आबांनी सांगितलं तिथे."

"कुठे?"

"पलीकडच्या पाड्याजवळ. जुन्या खदानीत." तो हळू म्हणाला, "तिथे कुणी विचारत नाही."

"तिथे पोरं नाहीत?"

भूषणने किल्लीकडे हात नेला.

मोनालीने ठकूला सासूच्या कडेवर दिलं आणि चाकावर पाय देऊन ती चढली. भूषणच्या शेजारी, मडगार्डवर बसली. मागच्या ट्रॉलीची धग पाठीला लागत होती.

"उतर. लोक बघताहेत."

"बघू दे. मिलवर चला."

"मालक मला काढून टाकेल गं!"

"मी आहे ना बरोबर. त्याला सांगू, तुझी माती तुझ्या दारात." तिने मडगार्डची कड घट्ट धरली. "चला, अहो. नाहीतर किल्ली द्या, मी चालवते."

भूषणने आबांकडे पाहिलं, मग आईकडे. ताईबाईंनी मान फिरवली नाही.

त्याने ट्रॅक्टर सुरू केला आणि खदानीचा फाटा सोडून तो दोंडाईचा रस्त्याला लावला.