बिडाचा कान

"दगडावर आपटलं हो, मिस्त्री! तुमच्या जोडाचा काही दोष नाही," मशीन दुकानाच्या पायरीला टेकवता टेकवताच माळीबुवांनी सांगून टाकलं. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

शाळेच्या मैदानातलं गवत कापायचं ते ढकलमशीन बुवांहून थोडंच तरुण. त्याचं चाक धरणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कान तडकला होता. गेल्याच वर्षी मिस्त्रींनी तो वेल्डिंग करून जोडून दिला होता. त्यांनी कानावरून अंगठा फिरवला. डोळ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचा सगळा कारभार अंगठ्यावरच चालायचा. हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. कुणालाच ठाऊक नाही असं फक्त मिस्त्रींना वाटायचं.

अंगठ्याला दगडाचा टवका काही लागला नाही. लागली ती जोडातली बारीक बारीक भोकं. तडा सरळ त्यांच्याच जोडातून गेला होता.

मागे मिस्त्रींची लेक ग्राइंडर पुसत उभी होती. फाटकं, जाळ्या, खुर्च्यांचे पाय, सगळं ती जोडायची. पण बीड आलं की बाप तिला बाजूला सारायचा. म्हणायचा, "बीड म्हणजे मानी माणूस. एकदम तापवलं तरी तडकतं, एकदम निववलं तरी तडकतं. तुझं काम नाही ते."

"बाबा, मी करू का?" तिनं आज पुन्हा विचारलं.

"छे छे, मिस्त्रीच करतील," बुवा घाईनं म्हणाले. "मला कुठं गडबड आहे? गवत काय पळून चाललंय?"

मिस्त्रींना हसू आलं. मित्राची लाज राखायची तर बुवांनी निदान खोटं तरी नीट बोलायला शिकायचं! पण आपण जोडलं तर ते पुन्हा मोडणार, हे त्यांना कळून चुकलं होतं.

"बुवा, दगड-बिगड काही नाही. माझाच जोड कच्चा होता. दिसत नाही हो मला." मग लेकीकडे न बघता म्हणाले, "सोडव तो कान. माझा जोड घासून काढ, मुळापासून."

तिनं घासला. कान सगळीकडून सारखा तापवला आणि बोटाच्या पेराएवढा जोड भरला. त्यातला ताण निघावा म्हणून तो गरम असतानाच मिस्त्रींनी लहान हातोडीनं हलकेच ठोकला.

"पुढचा भरू?"

"थांब."

"आता?"

"उतावळी कुठली! अगदी बापावर गेलीयेस."

जोड पुरा झाल्यावर कान राखेच्या डब्यात पुरला. बीड निवताना तडकलं तर टिक्कन वाजतं. मिस्त्री डब्याला कान लावून बसले. जेवायलाही उठले नाहीत. बुवाही शेजारी बसून राहिले.

डब्यातून काही आवाज आला नाही.

दिवस कलताना मिस्त्रींनी कान बाहेर काढला, तारेला टांगला आणि हातोडीनं टिचकी दिली. स्वच्छ, खणखणीत आवाज घुमला.

"कसा झालाय?" लेकीनं विचारलं.

"माझ्यापेक्षा बरा," ते म्हणाले. त्यांना फार आनंद झाला होता आणि थोडं रडूही येत होतं.

बुवांचं मशीन खडखडत गल्लीच्या टोकाला पोचलं, तेवढ्यात बाहेरून हाक आली, "मिस्त्री आहेत का?"

सवयीनं त्यांनी उठायला गुडघ्यावर हात टेकला. मग तसेच पुन्हा खाली बसले.

"अगं," त्यांनी आत हाक मारली, "तुला बोलावतायत."