सासूबाईंचा नंबर

मी भांडखोर आहे, हे मी सुशांतला लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, "चालेल गं, आमच्या घरात एक आहेच." ते एक म्हणजे त्याची आई, राधाबाई. घोडपदेवला आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर चार संडास. त्यातला एक कायम तुंबलेला आणि उरलेल्या तिन्हींवर माझ्या सासूबाईंचं राज्य. पाणी कोणी ओतलं नाही, कडी कोणी मोडली, मोबाइल घेऊन आत कोण बसलंय, त्यांना सगळं कळायचं. कोणी वेळ लावला की त्या बाहेरून दारावर टमरेल आपटायच्या. "भायर ये! हय काय झोपाक गेलस?" पलीकडच्या खोलीतले रामजीकाका, बेस्टमधून रिटायर झालेले, पेपर घेऊन आत जायचे. त्यांच्या नशिबी तर हे रोजचंच होतं.

आणि या बाईला गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला. परळला केमो सुरू झाली. उलटीच्या गोळ्यांनी उलट्या थांबल्या, पण पोट धरून बसलं. चार-चार दिवस होणार नाही, मग एखाद्या दिवशी अशी कळ की धावतच सुटायचं. तोंडाला चव नाही. "लोखांड चावल्यासारा लागता," म्हणायच्या. लसणीच्या फोडणीचा वास आला की उमासे. आमच्या मालवणी घरात फोडणी बंद म्हणजे काय, हे ज्याचं त्याला माहीत! पण केली बंद. पेज, मऊ भात, मुगाचं पातळ वरण, तेही निववून, थोडं थोडं, परत परत. पोट साफ व्हायला औषध होतं, इसबगोल होतं. हॉस्पिटलातल्या डाएटवाल्या मॅडमनी बजावलं होतं, "पाणी भरपूर. पाण्याशिवाय इसबगोल उलट आत घट्ट बसतं. आणि केमोचं औषध किडनीला लागतं."

मी बाटल्या भरून उशाशी ठेवायचे. दुपारपर्यंत रिकाम्या. मी खूश.

मग रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "या पाणी पीत नाहीयेत. किडनीचा आकडा चढलाय. पुढच्या आठवड्यात परत रक्त तपासू. आकडा खाली आला नाही, तर पुढचा डोस देता येणार नाही."

"असं कसं? बाटल्या मी भरते, डॉक्टर! माझ्या डोळ्यांदेखत रिकाम्या होतात!" माझा आवाज चढला. सुशांतने माझा हात दाबला. सासूबाई छताकडे बघत होत्या. गाठ लहान व्हायला लागली होती हो. आत्ता डोस थांबवायचा म्हणजे हाती आलेलं सोडून द्यायचं.

दुसऱ्या दिवशी मी रेशनला म्हणून निघाले आणि जिन्यातून परत फिरले, पिशवी राहिली होती. दार ढकललं तर सासूबाई मोरीपाशी. एका हाताने भिंत धरलेली, दुसऱ्या हातात बाटली. पाणी मोरीत चाललेलं, बारीक धारेने, आवाज होऊ नये म्हणून.

माझं डोकंच फिरलं. "आई! मरायचंय का तुम्हाला? मी काय मूर्ख म्हणून भरते या बाटल्या?"

"ओरडा नको गो."

"ओरडणार! सगळ्या चाळीला ऐकू जाऊ दे!"

त्या खाली बसल्या. केस गेलेल्या डोक्यावरचा पदर घसरला होता, तो आधी सारखा केला. मग म्हणाल्या, "पाणी पियालय काय जावक लागता. आत बसलंय काय येळ लागता. पोटात कळ येता, होणा नाय, मगे पाय थरथरतत. नि भायर सगळी उभी. जल्मभर मी लोकांची दारां बडवलंय, अक्षदा. आता माजा दार कोणी बडवल्यान तर?"

म्हणजे ही बाई तहान मारत होती. केमोची ती जाळणारी तहान, ओठ फाटलेले, आणि उशाशी भरलेली बाटली! हे इतके दिवस! कुठून आणली ही ताकद? मला राग आला होता, खूप आला होता, पण खरं सांगते, अंगावर काटा आला. एवढ्या जिद्दीने कोणी जगायचं ठरवलं तर काय होईल, असं मनात आलं.

"मी कमोडची खुर्ची आणते. घरातच बसा."

"हय? देव हत, चूल हा. हय बसू?"

"मग मी सगळ्यांना सांगते."

"कोणाक एक शब्द सांगशीत तर पेज पण खावची नाय," त्या म्हणाल्या. आणि त्या म्हणाल्या म्हणजे करणारच, हे मला चांगलंच ठाऊक.

सकाळी मी जबरदस्तीने त्यांना अर्धा पेला कोमट पाणी पाजलं आणि म्हटलं, "चला. मी दाराशी उभी राहते. बघू कोण बडवतंय ते." मी पदर खोचला होता. ऐन गर्दीची वेळ, सगळ्यांना ड्युटीवर जायचं असतं. मला वाटलं होतं, आज दोन-चार जणांशी तरी कायमचं बोलणं तुटणार.

सासूबाई आत गेल्या. कडी लागली. मी दाराला पाठ लावून उभी.

माणसं आली. बादल्या, मग, खांद्यावर टॉवेल. बँकेतली प्रिती घड्याळ बघत आली. रामजीकाका आले. सासूबाईंशी कैक वर्षांचा अबोला धरून बसलेल्या कमलाबाई आल्या. बाकीच्या दोन संडासांवर नंबर भराभर सरकत होते. या दाराकडे कोणी फिरकेना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून कण्हल्याचा आवाज आला. दाबलेला, लाजेने दाबलेला.

कमलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या एकदम मोठ्याने म्हणाल्या, "काय गं प्रिती, बोंबील काय भाव देतात हल्ली? लुटतात मेले!"

प्रिती शाकाहारी. माळकरी घरातली. ती क्षणभर गोंधळली आणि मग ठणठणीत आवाजात म्हणाली, "हो ना मावशी, फारच लुटतात!"

रामजीकाकांनी बादली नळाखाली सरकवली आणि नळ पूर्ण सोडला. बादली भरली, वाहायला लागली. आमच्या चाळीत, जिथे सकाळच्या पाण्यावरून डोकी फुटतात, तिथे ते पाणी खुशाल वाहत होतं आणि एक माणूस बोलला नाही. कोणीतरी रेडिओ मोठा केला. कोणी कोळणीची नक्कल केली, कोणी हसलं. गॅलरीत नुसता कालवा. ज्यांना उशीर होत होता ते गुपचूप खालच्या मजल्यावर गेले, बाकीचे तिथेच उभे राहून बोंबिलावर बोलत राहिले. आदल्या दिवशीचं आमचं सगळं बोलणं भिंतींतून सगळ्यांनी ऐकलं होतं, हे माझ्या तेव्हा डोक्यात शिरलं. पण असं करायचं हे कोणी ठरवलं होतं? कोणीच नाही. मी भांडायला आले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला समोर भांडायला माणूस मिळेना. अरे देवा, ही माणसं! यांच्याशी मी रोज कचऱ्यावरून भांडते! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

किती वेळ गेला देव जाणे. कडी वाजली. सासूबाई बाहेर आल्या. घामाने निथळलेल्या, पण चेहरा मोकळा. तो चेहरा मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. सगळे एकदम कुठेतरी भलतीकडेच बघायला लागले. रामजीकाका आढ्याकडे.

सासूबाईंनी वाहती बादली पाहिली, नळ बंद केला. सगळ्यांवरून नजर फिरवली. मला वाटलं, आता ही बाई रडणार.

"हय काय उभे रवलास सगळे?" त्या म्हणाल्या. "कामधंदो नाय तुमका?"

"आपल्याला कसली घाई नाही, राधाबाई," रामजीकाका आढ्यालाच म्हणाले.

खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्यावरच टेकल्या. कमलाबाई त्यांच्या घरातून तांब्या घेऊन आल्या. तो पुढे धरला. सासूबाईंनी तो घेतला, वर केला आणि सगळ्या मजल्यासमोर प्यायला लागल्या. घोट घोट. गळ्याची शीर हलताना दिसत होती. मी ते पाणी खाली उतरताना बघत होते, आणि देवळात उभं राहिल्यावर कधी जोडले नाहीत तसे माझे हात आपोआप जोडले गेले.

तांब्या रिकामा झाला. त्यांनी तो कमलाबाईंपुढे धरला.

"आजून दी गो, कमल."