कानातलं कानात

"पदर जरा सोडा, मावशी. गार लागंल," म्हणत अलमासने वायर भिकाबाईच्या काचळीखालून, आरसे जडवलेल्या चोळीखालून, वर ओढली आणि बटणाएवढा माईक गळ्याजवळच्या आरशांत लपवला. माईकची डबी कमरेला बांधली. "आता हलू नका बरं. तुमचा एक एक आरसा माझ्या कानात वाजून राहिला."

"मंग काय, उपटून फेकू का?" भिकाबाई हसली, पण हसू अर्ध्यातच राहिलं.

हिंगोलीकडच्या पुसेगावजवळ, बंजाऱ्यांच्या तांड्यावर दिवाळीच्या खास संगीत कार्यक्रमाचं चित्रीकरण चाललं होतं. चॅनेलवाल्यांनी तांड्यातच तांड्याचा सेट उभारला होता, कारण खरी घरं म्हणे कॅमेऱ्यात शोभत नव्हती. भिकाबाई ढावलो म्हणणार होती. लग्न होऊन तांडा सोडताना नवरी रडत रडत गाते, ते गाणं. सगळं पाठ असणारी ती एकटीच उरली होती. तालमीत मात्र ती दोनदा अडली. "खुर्चीवर बसून कुटं ढावलो येतो का?" म्हणाली होती.

अलमास मूळ इथल्याच, हिंगोलीकडच्या गोरेगावची. तिची उमेदीची वर्षं मुंबईत असल्याच कार्यक्रमांत गेली. बायांच्या कपड्यांत वायर घालायला पुरुष लाजायचे, म्हणून साउंडचं काम करणाऱ्या नासेरमामूने तिला या धंद्यात ओढलं. एकदा माईक लावला की तो चालूच असतो, हे बाया विसरतात. हसत हसत प्रेमगीत गाणारी स्टेजवर जायच्या क्षणापर्यंत नवऱ्याला काय काय शिव्या घालते, ते अलमासने ऐकलं होतं. आवाज बसलेली एक मोठी गायिका टेपवर ओठ हलवत मधल्या संगीतात हुंदके गिळत होती, तेही ऐकलं होतं. टाळ्यासुद्धा टेपवरच्याच होत्या. "कानातलं कानात," मामू सांगायचा. "तोंडात आलं की धंदा बसला." मामू गेला, नियम राहिला. आई आजारी पडली म्हणून अलमास गावी परतली आणि आता असं पथक इकडे आलं की तिलाच बोलावणं यायचं.

ती आपल्या जागेवर आली, मिक्सर गळ्यात अडकवला आणि हेडफोन चढवला. भिकाबाई सुनेशी गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, कुजबुजत होती. गोरेगावच्या बाजारात वाढलेल्या अलमासला ती बोली बरोबर कळायची.

"दिपा, डावा हात लई जड झाला गं. सकाळपासून छातीवर दगड ठेवल्यावानी होतंय."

"याडी! आई, दवाखान्यात जाऊ."

"गप. ह्या चॅनेलवाल्यांना कळलं तर गाऊ देणार न्हाईत. एकदा म्हणू दे. माझ्यामागं कोण म्हणणार? शपथ हाय तुला."

 अलमासने कळ फिरवून आवाज वाढवला. भिकाबाईचा श्वास तुटत तुटत येत होता. सांगावं तर म्हातारीचं गाणं जातं, न सांगावं तर म्हातारीच जाते. वर नियम मोडल्याची बोंब मुंबईपर्यंत होणार, पुन्हा कोण बोलावतंय! मामूला काय जात होतं नियम सांगायला? त्याच्या कानात कुणी मरत नव्हतं.

"साउंड रेडी?" दिग्दर्शक ओरडला.

"न्हाई." अलमास म्हणाली. "मावशीला दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता. छातीत दुखून राहिलं त्यांच्या."

भिकाबाईने सुनेकडे पाहिलं. दिपाने 'मी न्हाई सांगितलं' अशी मान हलवली. मग म्हातारीचा हात हळूच गळ्याजवळच्या माईकवर गेला.

"तू चोरून ऐकून राहिली व्हय?"

"व्हय, मावशी."

"मेले, एक गाणं तर म्हणू द्यायचं!"

"पाच मिनिटांचं काम आहे," दिग्दर्शक म्हणाला. "घेऊन टाकू, मग जाऊ दे त्यांना."

"मी आवाज घेणार न्हाई," अलमास म्हणाली.

भिकाबाईचा लेक देविदास जीप घेऊन आला. म्हातारीला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं, दिपा उशाशी बसली आणि जीप हिंगोलीच्या दिशेने सुटली. गडबडीत माईक काढायचं कुणाला सुचलंच नाही. अलमासच्याही ध्यानात आलं ते कानात इंजिन घरघरलं तेव्हा. दिपा मुसमुसत होती. मग अगदी जवळून आवाज आला.

"पोरी, हे चालूच हाय का गं? ऐकून राहिलीस का?"

"व्हय, मावशी, व्हय!" अलमास मोठ्याने म्हणाली. तिचा आवाज तिकडे जाणार नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

 तेवढ्यात भिकाबाईने ढावलो सुरू केला. बारीक, फाटका आवाज, पण कुठे अडला नाही.

अलमासने रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. जीप लांब जाऊ लागली तसा आवाज तुटायला लागला. मिक्सर छातीशी धरून ती धावत सुटली, सेट ओलांडून, खऱ्या घरांमधून, थेट सडकेपर्यंत. एक शब्द यायचा, दोन गळायचे. जीप वळणाआड गेली आणि कानात नुसती खरखर उरली.

"अहो बाई, माईक काढून घेतला ना?" मागून दिग्दर्शक ओरडत आला. "महागाचा आहे तो!"

अलमासने मागे न पाहता हात वर केला, रेकॉर्डिंग चालू असताना सगळ्यांना गप्प करायला ती करते तसा. तांडा गप्प झाला. दिग्दर्शकही जागच्या जागी थांबला. कानात खरखर चालूच होती. तिने हात खाली घेतला नाही.