तीन-चार-बारा

मित्रांनो, मी एक जुना आवृत्ती-क्रमांक आहे. तीन, चार, बारा. आता माझा कोणाला उपयोग नाही, आणि तुमची कीवही मला नको.

अंधेरीतल्या एका कंपनीत माझा जन्म झाला. लसींच्या फ्रीजवर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर ती कंपनी विकत असे. आमच्या घराण्याचा नियम सरळ आहे. किरकोळ दुरुस्ती झाली की शेवटचा आकडा वाढतो, नवी सोय आली की मधला. पण जुनी पद्धतच मोडली, तर पहिला आकडा वाढलाच पाहिजे. तो वाढलेला दिसला की गिऱ्हाईक थांबते, तपासते आणि मगच घेते.

माझ्या वेळचा बदल किरकोळ नव्हता. पूर्वी फ्रीज गरम झाला की घंटा आपोआप वाजायची. आता ती आधी चालू करून ठेवावी लागणार होती. प्रोग्राम लिहिणारी गंधाली म्हणाली, "सर, हा चार-शून्य-शून्य आहे."

"चार बघून सगळे फोन करत बसतील," तिचे साहेब श्यामकांत म्हणाले. "शेवटच्या अकराचं बारा कर आणि विषय संपव ना!"

गंधालीने मुकाट्याने मला बारा केले. त्या दोघांचाही मला संताप येतो. मला तोंड असते, तर मी तिथेच बोंब ठोकली असती.

बाराला कोण घाबरणार? मुलुंडच्या एका बालरुग्णालयाने मला न तपासता घेतले. पुढे त्यांचा फ्रीज बिघडला आणि घंटा वाजलीच नाही. सगळ्या लसी फेकाव्या लागल्या. तान्ही बाळे घेऊन ताटकळलेल्या आया तशाच घरी गेल्या. तिथल्या सिस्टर माधुरीचा फोन आला, "अहो, किरकोळ दुरुस्ती होती ना? मग घंटा कुठे गेली?"

श्यामकांत गंधालीच्या टेबलाशी धावत आले. "गंधाली, नंबर बाराच ठेव. आतलं गुपचूप बदल."

"नाही सर. बाहेर गेलेला नंबर पुन्हा वापरायचा नसतो. खराब बारा कोणाकडे आहे, ते कळणार कसं?"

"अगं, सगळं माझ्यावर येईल!"

"दोघांवर येईल. येऊ दे."

तिने चार-शून्य-शून्य काढला, सगळ्यांना खरे कारण कळवले आणि आवृत्त्यांच्या यादीत माझ्यापुढे लिहिले, 'वापरू नका'.

मित्रांनो, तुमच्या हाती आकडे येतील, तेव्हा त्यांना खोटे बोलायला लावू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही. माझ्याबद्दल कोणी पहिल्यांदा खरे काही लिहिले असेल, तर ते हे दोन शब्द.